मेमरी शिल्लक, क्रमांक संपले: लिनक्स कर्नलमधील थ्रेड-क्रमांकांचे एक प्रकरण

एका सर्व्हरवर चार कंटेनरांमध्ये, म्हणजे एकाच कर्नलवर एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या चार कप्प्यांमध्ये, एकाच जावा सेवेच्या चार प्रती चालत होत्या. सर्व्हरला १६ तार्किक प्रोसेसर आणि ६४ जीबी मेमरी होती, आणि त्यावरचा कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, लिनक्स ४.१५ मालिकेतला होता. सेवा सुरू केल्यापासून नवव्या दिवशी पहाटे चारही प्रतींनी नव्या जोडण्या नाकारायला सुरुवात केली. आधीपासून चालू असलेल्या जोडण्यांचे काम मात्र विनातक्रार चालले होते. लॉगमध्ये जावाची ‘आउट-ऑफ-मेमरी’ त्रुटी होती आणि तिच्यापुढे ‘नवा नेटिव्ह थ्रेड तयार करता येत नाही’ अशा अर्थाचे वाक्य होते. थ्रेड म्हणजे प्रोसेसच्या, म्हणजे चालू कार्यक्रमाच्या, आत समांतर चालणारा कामाचा धागा. त्या वेळी यंत्रावर ३० जीबीहून अधिक मेमरी मोकळी होती.

त्रुटीच्या नावातच मेमरीचा उल्लेख असल्यामुळे पाळीवरच्या सहकाऱ्याने जे केले ते स्वाभाविक होते. त्याने एका कंटेनरचा हीप, म्हणजे जावाच्या वस्तूंसाठी राखलेली मेमरी, वाढवला आणि तो कंटेनर पुन्हा सुरू केला. तक्रार त्याच क्षणी थांबली, चारही प्रती नव्या जोडण्या घेऊ लागल्या, आणि हीप कमी पडत होता असा निष्कर्ष नोंदवहीत लिहिला गेला. हा निष्कर्ष चुकीचा होता, पण उपायानंतर लक्षण नाहीसे झाल्यामुळे तो सिद्ध झाल्यासारखा भासला. वास्तविक एका कंटेनरचा हीप वाढवल्याने उरलेल्या तीन कंटेनरांना आराम पडण्याचे काहीच कारण नव्हते, आणि हा प्रश्न त्याच दिवशी विचारला गेला असता तर पुढचे दोन दिवस वाचले असते. सव्वादोन दिवसांनी तीच त्रुटी परत आली. या वेळी कंटेनर पुन्हा सुरू न करता आधी तपास करायचा असे आम्ही ठरवले.

हात बांधलेल्या अवस्थेतला तपास

यंत्रावर नव्याने लॉगिन करता येत नव्हते, कारण लॉगिन स्वीकारणाऱ्या सेवेलाही त्यासाठी नवी प्रोसेस तयार करावी लागते. सुदैवाने एक टर्मिनल आदल्या दिवसापासून उघडे होते. त्यात कोणतीही साधी आज्ञा दिली तरी शेल ‘फोर्क’ पुन्हा करून पाहत असल्याचे आणि साधन तात्पुरते उपलब्ध नसल्याचे सांगत असे. शेल बाहेरची आज्ञा चालवताना आधी स्वतःची प्रत करतो आणि मग त्या प्रतीत आज्ञेचा कार्यक्रम चढवतो. यातली प्रत करण्याची पहिली पायरीच अडलेली होती. म्हणून शेलच्या स्वतःच्या पोटात असलेल्या आज्ञांवर, म्हणजे ‘एको’ आणि ‘रीड’ यांच्यावर, भागवणे भाग होते. त्या चालवायला नवी प्रोसेस लागत नाही. ‘एक्झेक’ वापरून शेलच्या जागीच दुसरा कार्यक्रम चढवता आला असता, कारण ‘एक्झेक’ नवा क्रमांक मागत नाही, पण त्यात हातातले एकमेव टर्मिनल गेले असते.

कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो त्या ‘प्रॉक’ फाइल-सिस्टीममध्ये ‘लोडअ‍ॅव्हजी’ नावाची फाइल असते. तिच्यातले पहिले तीन आकडे, म्हणजे सरासरी भार, सर्वांच्या ओळखीचे असतात, पण चौथ्या खान्याकडे सहसा कोणी पाहत नाही. तिथे तिरप्या रेघेच्या अलीकडे त्या क्षणी धावण्यास तयार असलेल्या कार्यघटकांची (प्रोसेस आणि थ्रेड मिळून) आणि पलीकडे यंत्रावरील एकूण कार्यघटकांची संख्या असते. पलीकडची संख्या ३२,५८७ होती. त्यानंतर ‘प्रॉक’मधलीच ‘पिड-मॅक्स’ ही, कार्यघटकांना द्यायच्या क्रमांकांची कमाल मर्यादा सांगणारी, फाइल ‘रीड’ने वाचली. तिच्यात ३२,७६८ हा आकडा होता. दोन आकडे इतके जवळ आल्यावर दिशा स्पष्ट झाली.

तरीही एक विसंगती खटकत होती. ‘एको’ला ‘प्रॉक’मधल्या अंकी नावांच्या निर्देशिकांचा नमुना देऊन मोजले तेव्हा त्या फक्त २७१ भरल्या. म्हणजे प्रोसेस २७१ आणि कार्यघटक साडेबत्तीस हजार. प्रत्येक निर्देशिकेतल्या ‘स्टेटस’ फाइलमधली थ्रेडच्या संख्येची ओळ शेलच्या लूपने वाचली, तेव्हा चार जावा प्रोसेसमध्ये अनुक्रमे ९,९८४, ९,९३६, १०,०३२ आणि २,०१६ थ्रेड निघाले. त्यांची बेरीज ३१,९६८ होते. उरलेल्या २६७ प्रोसेसकडे मिळून ६१९ थ्रेड होते. दोन हजारांचा आकडा ज्या प्रतीचा होता तीच सव्वादोन दिवसांपूर्वी पुन्हा सुरू केलेली होती. भागाकार केला तर चारही प्रतींची वाढ दिवसाला सुमारे ८९० थ्रेड अशीच येते. कोणत्या प्रतीवर किती भार आहे याचा या आकड्यांशी संबंध नव्हता, संबंध होता तो प्रत किती दिवस चालू आहे याच्याशी. थ्रेडची संख्या भाराप्रमाणे चढत-उतरत नसेल आणि वयाप्रमाणे सरळ रेषेत वाढत असेल, तर कुठेतरी थ्रेड तयार होत आहेत आणि संपत नाहीत, असे खात्रीने म्हणता येते.

कर्नलच्या दृष्टीने थ्रेड म्हणजे काय

इथे थोडे थांबून हे क्रमांक कर्नल कसे ठेवतो ते पाहणे आवश्यक आहे, कारण या प्रकरणातल्या प्रत्येक गैरसमजाचे मूळ तिथे आहे.

लिनक्स कर्नलमध्ये प्रोसेस आणि थ्रेड यांच्यासाठी दोन वेगळ्या रचना नाहीत. दोहोंसाठी ‘टास्क-स्ट्रक्ट’ ही एकच रचना आहे, आणि ती ‘क्लोन’ या एकाच मार्गाने जन्माला येते. मेमरी, उघड्या फाइली, सिग्नलचे हाताळक यांतले काय सामायिक ठेवायचे हे ‘क्लोन’ला दिलेल्या खुणांवरून ठरते. ‘टास्क-स्ट्रक्ट’मध्ये दोन क्रमांक असतात. एक ‘पीआयडी’ आणि दुसरा ‘टीजीआयडी’, म्हणजे थ्रेड-गटाचा क्रमांक. घोटाळा नावांत आहे. कर्नलच्या आत ज्याला ‘पीआयडी’ म्हणतात तो प्रत्येक थ्रेडचा स्वतंत्र क्रमांक असतो, आणि वापरकर्त्याच्या बाजूने आपण ज्याला प्रोसेसचा पीआयडी म्हणतो तो कर्नलच्या भाषेत ‘टीजीआयडी’ असतो. त्यामुळे ‘गेटपीआयडी’ हा सिस्टीम कॉल (कार्यक्रमाने कर्नलला केलेली विनंती) गटाचा क्रमांक परत देतो आणि ‘गेटटीआयडी’ हा कर्नलच्या भाषेतला पीआयडी परत देतो. गटातल्या पहिल्या थ्रेडचे, म्हणजे गटप्रमुखाचे, दोन्ही क्रमांक सारखे असतात.

ही नावे इतिहासातून आली आहेत. लिनक्स २.६ च्या आधी रूढ असलेल्या ‘लिनक्सथ्रेड्स’ या ग्रंथालयात (लायब्ररीत, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचात) प्रत्येक थ्रेडने ‘गेटपीआयडी’ विचारल्यास वेगळे उत्तर मिळत असे, आणि ते युनिक्ससदृश प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकाशी विसंगत होते. थ्रेड-गटाची कल्पना कर्नलमध्ये २.४ मध्ये आली. उलरिख ड्रेपर आणि इंगो मोलनार यांनी उभारलेल्या ‘एनपीटीएल’ या पुढच्या ग्रंथालयाने तिचा पूर्ण उपयोग करून घेतला, आणि २००३ मध्ये कर्नल २.६ प्रसिद्ध झाला तेव्हापासून एका प्रोसेसमधले सर्व थ्रेड बाहेरून एकाच पीआयडीखाली दिसू लागले. थ्रेडचा क्रमांक मात्र कर्नलने कधीच सोडला नव्हता, तो केवळ दृष्टीआड झाला. ‘ग्लिब्सी’ या लिनक्सवरच्या सी भाषेच्या ग्रंथालयाने ‘गेटटीआयडी’साठी स्वतःचे फंक्शन दिले ते थेट २०१९ मधल्या २.३० या आवृत्तीत. तोवर प्रोग्रामरला हा क्रमांक हवा असल्यास सिस्टीम कॉलचा आकडा हाताने द्यावा लागत असे. इतकी वर्षे जी गोष्ट सहज विचारता येत नव्हती, ती एक मर्यादित साधन आहे हे अनेकांच्या लक्षात न येणे मला समजण्यासारखे वाटते.

‘प्रॉक’मधल्या २७१ निर्देशिकांचे कोडे याच ठिकाणी सुटते. ‘प्रॉक’ची यादी मागितली की कर्नल केवळ गटप्रमुखांची नावे देतो. इतर थ्रेड प्रत्येक प्रोसेसच्या निर्देशिकेतल्या ‘टास्क’ या उपनिर्देशिकेत असतात. यातली एक गोष्ट फारशी ठाऊक नसते. एखाद्या साध्या थ्रेडचा क्रमांक माहीत असेल आणि त्या नावाची निर्देशिका थेट ‘प्रॉक’खाली उघडली, तर ती उघडते, जरी यादीत ती कधीच दिसत नसली तरी. म्हणजे शोध सर्व थ्रेडसाठी चालतो, यादी फक्त प्रमुखांची मिळते. आमचा देखरेखीचा फलक या यादीवरच आधारलेला होता, आणि म्हणून तो अकरा दिवस ‘प्रोसेस: सुमारे २७०’ अशी सपाट रेघ दाखवत राहिला.

क्रमांकांची वही

क्रमांक वाटण्याची पद्धत पूर्वी बिटमॅपची होती. ३२,७६८ ही मूळ कमाल मर्यादा त्या पद्धतीला अगदी चपखल बसते, कारण मेमरीच्या ४,०९६ बाइटांच्या एका पानात बरोबर ३२,७६८ बिट मावतात आणि प्रत्येक क्रमांकाला एक बिट पुरतो. ३२ बिटांच्या यंत्रांवर हीच कमाल मर्यादा आहे. ६४ बिटांच्या यंत्रांवर ती ४१,९४,३०४ पर्यंत, म्हणजे दोनच्या बाविसाव्या घातापर्यंत, वाढवता येते, पण सुरुवातीचे मूल्य लहानच ठेवलेले असते. कर्नल ४.१५ मध्ये बिटमॅप आणि शोधासाठीची हॅश-सारणी हे दोन्ही काढून त्यांच्या जागी ‘आयडीआर’ ही वृक्षरचना आणली गेली. क्रमांक देणे आणि क्रमांकावरून नोंद शोधणे ही दोन्ही कामे तेव्हापासून एकाच वृक्षात होतात.

वाटप चक्राकार असते. कर्नल शेवटी दिलेल्या क्रमांकाच्या पुढचा मोकळा क्रमांक शोधतो, आणि कमाल मर्यादा गाठली की पुन्हा खालून सुरुवात करतो. मात्र ही दुसरी फेरी १ पासून नव्हे, ३०० पासून सुरू होते. तीनशेच्या खालचे क्रमांक यंत्र सुरू होतानाच्या प्रोसेससाठी असतात आणि एकदा तो टप्पा ओलांडला की त्यातला एखादा मोकळा झाला तरी पुन्हा दिला जात नाही. म्हणून चालू यंत्रावर प्रत्यक्ष वाटता येण्याजोगे क्रमांक ३०० ते ३२,७६७, म्हणजे ३२,४६८ एवढेच असतात. आमच्या ३२,५८७ या आकड्याचा हिशेब असा लागतो: हे सर्व ३२,४६८ क्रमांक अडकलेले होते आणि तीनशेच्या खालचे सव्वाशेच्या आसपास कर्नल-थ्रेड जिवंत होते. ही बेरीज ३२,५८७ पेक्षा थोडीशी जास्त भरते, कारण काही क्रमांक जिवंत थ्रेडविनाच अडकलेले होते. त्याचे कारण पुढे येते.

वृक्षात मोकळी जागा न सापडल्यास आतले वाटपाचे फंक्शन ‘जागा नाही’ असे सांगते, आणि कर्नल ते उत्तर ‘ई-अगेन’मध्ये, म्हणजे ‘पुन्हा प्रयत्न करा’ या त्रुटीत, बदलून वर पाठवतो. तीच त्रुटी शेलला ‘तात्पुरते उपलब्ध नाही’ अशी दिसली. जावाच्या आभासी यंत्राने मात्र थ्रेड न मिळण्याच्या सर्व कारणांना एकाच ‘आउट-ऑफ-मेमरी’ नावाखाली घातलेले असल्यामुळे वरच्या थरात पोहोचेपर्यंत खरे कारण पुसले गेले.

चाचणी यंत्र निर्दोष का दिसले

आमच्याकडे चाचणीसाठी असलेल्या यंत्रावर हीच सेवा, याच चार प्रतींसह, जोडण्या तोडून पुन्हा जोडण्याच्या त्याच गतीने दहा दिवस चालू होती आणि तिथे एकही त्रुटी आली नव्हती. या वस्तुस्थितीमुळे दोष सेवेत नसून सर्व्हरमध्ये आहे, असा तर्क बैठकीत ठामपणे मांडला गेला होता. तिथली ‘लोडअ‍ॅव्हजी’ वाचली तेव्हा एकूण कार्यघटक ३५ हजारांवर निघाले. ज्या सर्व्हरवर अपयश आले त्याच्याही पुढे चाचणी यंत्र गेलेले होते.

फरक ‘पिड-मॅक्स’मध्ये होता. यंत्र सुरू होताना कर्नल दर संभाव्य प्रोसेसरमागे १,०२४ या दराने एक संख्या काढतो, आणि ती ३२,७६८ पेक्षा मोठी असेल तर तीच कमाल मर्यादा धरतो. चाचणी यंत्राला ४८ तार्किक प्रोसेसर होते, म्हणून तिथली मर्यादा ४९,१५२ होती. सोळा प्रोसेसरांच्या सर्व्हरवर हे गणित १६,३८४ वर येते, ते मूळ मूल्यापेक्षा लहान असल्याने ३२,७६८ हेच कायम राहिले होते. कोणीही काहीही न बदलता दोन यंत्रांच्या मर्यादा वेगळ्या होत्या. चाचणी यंत्रही त्याच वाटेवर होते, त्याला आणखी चारेक दिवस लागले असते एवढेच.

एकाच थ्रेडला दोन क्रमांक

कंटेनर वेगवेगळे असताना एकाच्या थ्रेडांमुळे दुसऱ्याला त्रास का व्हावा, हा प्रश्न रास्त होता. प्रत्येक कंटेनरला स्वतःचे ‘पीआयडी-नेमस्पेस’, म्हणजे क्रमांकांचे वेगळे विश्व, होते. आत पाहिले तर जावा प्रोसेसचा क्रमांक १ होता आणि थ्रेडांचे क्रमांक तिथूनच पुढे चालत होते. कंटेनर चालवणाऱ्यांच्या मनात त्यामुळे अशी समजूत बसते की प्रत्येक कंटेनरला स्वतःच्या क्रमांकांची वेगळी वही मिळालेली आहे.

ही समजूत अर्धी खरी आहे. कर्नलमध्ये ‘स्ट्रक्ट-पिड’ नावाची स्वतंत्र, लहान रचना असते आणि तिच्या शेवटी एक यादी असते. या यादीत प्रत्येक नेमस्पेस-पातळीसाठी एक जोडी असते: क्रमांक, आणि तो कोणत्या नेमस्पेसमधला ते. नवा थ्रेड जन्मताना कर्नल सर्वांत आतल्या पातळीपासून सुरुवात करून बाहेरच्या मूळ पातळीपर्यंत प्रत्येक पायरीवर एकेक क्रमांक घेतो. एका जरी पातळीवर क्रमांक मिळाला नाही, तरी आतल्या पातळ्यांवर घेतलेले सर्व क्रमांक परत करून तो माघार घेतो. चारही कंटेनरांच्या आतल्या वह्यांत प्रत्येकी वीस हजारांहून अधिक क्रमांक मोकळे होते. मूळ पातळीवरची वही मात्र चौघांसाठी एकच होती आणि ती भरली होती. एका कंटेनरला पुन्हा सुरू केल्यावर चौघांनाही आराम का पडला, याचे उत्तर हेच. त्या वेळी हीपमुळे काहीच सुधारले नव्हते, सुमारे आठ हजार क्रमांक मूळ वहीत परत आले होते.

दुपदरी क्रमांकांमुळे तपासातली सर्वांत वेळखाऊ पायरीही उद्भवली. अडकलेले थ्रेड कोणत्या कामाचे आहेत हे कळण्यासाठी जावाचा थ्रेड-डंप, म्हणजे सर्व थ्रेडांची त्या क्षणीची यादी, घेतला. त्यात प्रत्येक थ्रेडपुढे ‘एनआयडी’ म्हणून त्याचा क्रमांक सोळाच्या पायात लिहिलेला होता. हा क्रमांक कंटेनरच्या आतला असतो, आणि बाहेरून यंत्रावर दिसणारे क्रमांक मूळ पातळीवरचे असतात. पहिल्या दोन तासांत आम्ही एका पातळीवरचा क्रमांक दुसऱ्या पातळीवर शोधत राहिलो. दुर्दैव असे की तो शोध निष्फळही ठरत नव्हता, कारण तोच आकडा बाहेर दुसऱ्याच कुणा थ्रेडचा असायचा. ‘टास्क’ उपनिर्देशिकेतल्या ‘स्टेटस’ फाइलमधील ‘एनएसपिड’ या ओळीवर सर्व पातळ्यांचे क्रमांक शेजारी शेजारी दिलेले असतात. ती ओळ कर्नल ४.१ पासून उपलब्ध आहे, आणि तिच्यावरून जुळणी केल्यावर पुढचे काम अर्ध्या तासात झाले.

जुळणीतून दिसले ते असे. अडकलेले जवळजवळ सर्व थ्रेड फ्युटेक्सवर, म्हणजे वाट पाहत थांबण्याच्या कर्नलमधल्या सोयीवर, निजलेले होते आणि त्यांची नावे आठ-आठच्या संचांत होती. दूरच्या केंद्राशी असलेली जोडणी तुटून पुन्हा जुळली की सेवा त्या जोडणीसाठी आठ थ्रेडांचा नवा संच उभारत होती आणि जुना संच बंद करण्याची आज्ञा कधीच देत नव्हती. एका प्रतीत दिवसाला सरासरी ११० ते ११२ वेळा जोडणी पुन्हा जुळत होती, आणि त्याला आठने गुणले की दिवसाचे सुमारे ८९० थ्रेड येतात.

मेमरीची तक्रार का दिसली नाही हेही सांगायला हवे. जावा प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकसाठी सामान्यतः एक एमबीचा पत्ता-प्रदेश राखून ठेवते, पण निजलेल्या थ्रेडने त्यातली मोजकीच पाने स्पर्शलेली असतात. कर्नलच्या बाजूचा स्टॅक मात्र प्रत्यक्ष मेमरीत असतो, एक्स८६-६४ वर दर थ्रेडला १६ केबी. बत्तीस हजार थ्रेडांसाठी तो सुमारे ५०० एमबी होतो, आणि ६४ जीबीच्या यंत्रावर तेवढी वाढ अकरा दिवसांत हळूहळू झाल्यास कोणाच्या नजरेत भरत नाही.

क्रमांक केव्हा परत येतो

चर्चेत एका सहकाऱ्याने असा मुद्दा मांडला की थ्रेड संपले असतील, पण त्यांना ‘जॉइन’ न केल्यामुळे त्यांचे क्रमांक अडकून पडले असतील. हा विचार प्रोसेसच्या बाबतीत बरोबर आहे. पालकाने ‘वेट’ केल्याशिवाय मृत प्रोसेस झाँबी म्हणून राहते आणि तिचा क्रमांकही अडकलेला राहतो. थ्रेडच्या बाबतीत तसे नाही. गटप्रमुख नसलेला थ्रेड संपला की कर्नल कोणाची वाट न पाहता त्याची नोंद काढतो आणि क्रमांक मोकळा करतो. ‘जॉइन’ हा ग्रंथालयाच्या पातळीवरचा व्यवहार आहे, तो विसरला तर वापरकर्त्याच्या बाजूचा स्टॅक अडकतो, कर्नलचा क्रमांक अडकत नाही. म्हणून क्रमांक संपलेले असतील तर थ्रेड जिवंत आहेत असेच समजावे. हा एक भेद आधीच स्पष्ट असता तर संशयाची एक संपूर्ण फांदी आम्ही पहिल्या तासातच छाटली असती.

क्रमांक जिवंत थ्रेडविना अडकण्याचा एक प्रकार मात्र खरोखर असतो. ‘स्ट्रक्ट-पिड’ला थ्रेड चिकटतो तसाच प्रोसेस-गट आणि सत्रही त्यालाच चिकटते. एखाद्या सेवेची पहिली प्रोसेस संपली, पण तिच्या गटातली किंवा सत्रातली मुले चालू राहिली, तर तो क्रमांक गटाचे किंवा सत्राचे नाव म्हणून वापरात राहतो आणि शेवटचे मूल संपेपर्यंत वृक्षातून काढला जात नाही. वर हिशेबात जी किरकोळ तूट दिसली ती याची. कर्नलने ही दक्षता घेतली नसती, तर नव्या प्रोसेसला जुन्या गटाचाच क्रमांक मिळून गटाला पाठवलेला सिग्नल भलत्याच ठिकाणी पोहोचला असता.

शेवटच्या तासांतली दुसरी तक्रार

याच काळात देखरेखीच्या आलेखांबद्दल एक वेगळी तक्रार आली होती, आणि सुरुवातीला ती असंबद्ध म्हणून बाजूला ठेवली गेली होती. दर थ्रेडचा प्रोसेसर-वापर दाखवणाऱ्या आलेखात काही रेघा मध्येच खाली कोसळत आणि नव्या नावाने पुढे चालत. आमचा देखरेख-कार्यक्रम थ्रेडची ओळख केवळ त्याच्या क्रमांकावरून ठेवत होता.

चक्राकार वाटपाचा हेतूच असा असतो की नुकताच मोकळा झालेला क्रमांक लगेच दुसऱ्याला मिळू नये. वही जवळजवळ रिकामी असताना हा हेतू उत्तम साधतो. पण एका क्रमांकाच्या दोन वापरांमधले अंतर ठरते ते एकूण क्रमांकांवरून नव्हे, तर मोकळ्या क्रमांकांवरून. वही पूर्ण भरण्याच्या आदल्या दोनतीन तासांत मोकळे क्रमांक चारशेच्या आसपास उरले होते. कंटेनरांच्या प्रकृती-तपासण्या आणि नियतकालिक कामे मिळून सेकंदाला पाचेक अल्पायुषी प्रोसेस जन्मत होत्या. म्हणजे कर्नल दर ८० सेकंदांनी सर्व मोकळ्या क्रमांकांची एक फेरी पूर्ण करत होता. देखरेख-कार्यक्रम मिनिटाला एकदा नमुना घेत होता. दोन नमुन्यांच्या दरम्यान एक थ्रेड संपून त्याच क्रमांकाचा दुसरा उभा राहणे ही तेव्हा विरळा घटना उरली नव्हती.

आलेख चुकणे हे तुलनेने निरुपद्रवी. आमच्या यंत्रावर एक जुनी लिपीही (स्क्रिप्टही) होती, जी फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या क्रमांकाला सिग्नल पाठवून अडकलेले काम बंद करत असे. त्या तासांत ती चालली नाही हे आमचे भाग्य. कर्नलमध्ये या धोक्यावर टप्प्याटप्प्याने उपाय आले आहेत. थ्रेडला सिग्नल पाठवताना ‘टीजी-किल’ हा कॉल थ्रेडच्या क्रमांकाबरोबर गटाचाही क्रमांक मागतो, आणि दोन्ही जुळले तरच सिग्नल पोहोचवतो. ‘पिड-एफडी’ या सुविधेत तर क्रमांकाऐवजी फाइल-डिस्क्रिप्टर हातात राहतो आणि त्यामागे ‘स्ट्रक्ट-पिड’ असते. तो आकडा पुढे दुसऱ्या कोणाला मिळाला तरी हा डिस्क्रिप्टर त्याच्याकडे वळत नाही. चालू प्रोसेससाठी असा डिस्क्रिप्टर उघडण्याची सोय कर्नल ५.३ मध्ये आली आणि स्वतंत्र थ्रेडसाठी ती ६.९ मध्ये आली. कर्नलचे इतर भागही एखाद्या प्रोसेसची दीर्घकाळ आठवण ठेवायची असेल तर आकडा न ठेवता ‘स्ट्रक्ट-पिड’चा संदर्भ ठेवतात. संपूर्ण ‘टास्क-स्ट्रक्ट’ आणि स्टॅक अडकवून ठेवण्यापेक्षा ही लहानशी रचना धरून ठेवणे पुष्कळ स्वस्त पडते.

आणखी एक बारकावा या निमित्ताने नोंदवतो. थ्रेडचा क्रमांक त्याच्या हयातीतही बदलू शकतो. गटप्रमुख नसलेल्या थ्रेडने ‘एक्झेक’ केला, तर कर्नल गटातले इतर सर्व थ्रेड संपवतो आणि ‘एक्झेक’ करणाऱ्याला गटप्रमुखाचा क्रमांक देतो. बाहेरून प्रोसेसचा क्रमांक तोच राहावा म्हणून ही अदलाबदल आवश्यक आहे, पण थ्रेडचा मागोवा क्रमांकाने घेणाऱ्याच्या हातून तो थ्रेड निसटतो.

आमच्या ४.१५ वर ‘पिड-एफडी’ नव्हता. म्हणून देखरेख-कार्यक्रमाची ओळख-किल्ली बदलून ती क्रमांक आणि जन्मवेळ यांची जोडी केली. ‘स्टॅट’ फाइलमधला बाविसावा खाना यंत्र सुरू झाल्यापासूनची जन्मवेळ घड्याळाच्या टिकांमध्ये देतो. आमच्या यंत्रावर एका सेकंदाच्या शंभर टिका होतात. एकाच क्रमांकाचे दोन थ्रेड एकाच शतांश सेकंदात जन्मण्यासाठी वाटपाची संपूर्ण फेरी तेवढ्या वेळात व्हावी लागेल, आणि ते आमच्या गतीला शक्य नव्हते.

काय बदलले, काय बदलले नाही

त्या दिवशी सर्वांत जुन्या तीन प्रती एकामागून एक पुन्हा सुरू केल्या आणि सुमारे तीस हजार क्रमांक परत मिळवले. नंतरच्या बैठकीत ‘पिड-मॅक्स’ थेट ४१,९४,३०४ करावा अशी सूचना आली. यंत्र सुरू करून सेवा सांभाळणारी सिस्टीमडी आवृत्ती २४३ पासून ६४ बिटांच्या यंत्रांवर हेच मूल्य आपोआप बसवते, त्यामुळे सूचनेत धोकादायक काही नव्हते. मी तिला विरोध केला तो वेगळ्या कारणाने. दिवसाला साडेतीन हजारांच्या गळतीला चाळीस लाखांची वही दिली असती तर त्रुटी अदृश्य झाली असती, आणि पुढची मर्यादा दुसऱ्याच ठिकाणी लागली असती. एका प्रोसेसच्या मेमरी-नकाशातील विभागांची सामान्य मर्यादा ६५,५३० आहे, आणि प्रत्येक जावा थ्रेड स्टॅक व त्याच्या संरक्षक पानांसाठी असे निदान दोन विभाग वापरतो. म्हणजे बत्तीस हजार थ्रेडांच्या आसपास ती प्रोसेस पुन्हा अडली असती, आणि तेव्हाही लॉगमध्ये हीच ‘आउट-ऑफ-मेमरी’ त्रुटी दिसली असती.

त्याऐवजी प्रत्येक कंटेनरच्या सी-ग्रुपला, म्हणजे साधनांवर मर्यादा घालण्यासाठीच्या कर्नलमधल्या गटाला, ‘पिड्स-मॅक्स’ १,००० असा घातला. हा नियंत्रक कर्नल ४.३ पासून आहे आणि नाव काहीही असले तरी तो थ्रेडसकट सर्व कार्यघटक मोजतो. गळती पुन्हा झालीच तर ती आता एका कंटेनरला एका दिवसाच्या आसपास थांबवेल, शेजारच्या तिघांना आणि लॉगिन स्वीकारणाऱ्या सेवेला धक्का लागणार नाही. सेवेच्या संहितेत जोडणी तुटताना जुना संच बंद करण्याची दुरुस्ती झाली, आणि त्यानंतर प्रत्येक प्रत ९० ते १०० थ्रेडांवर स्थिर राहिली. फलकावर ‘लोडअ‍ॅव्हजी’च्या चौथ्या खान्यातली एकूण संख्या आणि तिच्या शेजारी त्या यंत्राचा ‘पिड-मॅक्स’ अशी जोडी घेतली, कारण एकट्या संख्येवरून १६ आणि ४८ प्रोसेसरांच्या यंत्रांची तुलना होत नाही.

क्रमांकाच्या फाइलवर विसंबणारी ती जुनी लिपी अजून वापरात आहे. तिच्यात सिग्नल पाठवण्याआधी जन्मवेळ पडताळण्याची पायरी घातली आहे. पडताळणी आणि सिग्नल यांच्यामधला क्षणभराचा फटी-काळ तिच्याने बुजत नाही, आणि तो ४.१५ वर बुजवताही येत नाही. यंत्राचा कर्नल ५.३ किंवा त्यापुढचा झाल्यावर ही लिपी ‘पिड-एफडी’वर नेण्याचे काम नोंदवहीत उघडे ठेवले आहे.